सुन त्झूचं चालीचं गणित

प्राचीन चीनमधला युद्धविचारवंत सुन त्झू याच्या ‘युद्धकला’ या ग्रंथाच्या 13 प्रकरणांतलं रोजच्या कामाला येणारं सगळ्यात मोलाचं काही असेल, तर ते सातव्या प्रकरणातलं चालीचं, म्हणजे सैन्याच्या मजलींचं गणित. तिथूनच सुरुवात करू.

चिलखतं गुंडाळून, रात्रंदिवस न थांबता सैन्य 100 ली पळवलं, तर दहातला एकच वेळेवर पोचतो आणि तिन्ही दळांचे सेनापती शत्रूच्या हाती सापडतात. 50 ली पळवलं तर निम्मे पोचतात. 30 ली पळवलं तरी तीनांतले दोनच. एक ली साधारण 400 मीटरचा, म्हणजे 100 ली झाले 40 किलोमीटर. या धावपळीत सामानाच्या गाड्याही मागे पडतात. सामान, धान्य आणि साठा नसेल तर सैन्य संपलंच, हे तो लगेच पुढे बजावतो.

स्पर्धा परीक्षेला दोन महिने उरले की मुलं सहा तासांचा अभ्यास एकदम बारा तासांवर नेतात. धडे भराभर उरकतात. उजळणी, सराव प्रश्नपत्रिका आणि झोप मागे पडते. रसद म्हणतात ती हीच. म्हणून वेळापत्रकात आधी रसद लिहा: सात तास झोप, आठवड्याला एक पूर्ण प्रश्नपत्रिका, ती तपासायला तेवढाच वेळ, एक दिवस नुसती उजळणी. उरलेल्या तासांत मावतील तेवढेच धडे घ्या. मावत नसतील तर कमी गुणांचे धडे आजच सोडा. शेवटच्या आठवड्यात जे सुटतं, ते आपण निवडलेलं नसतं.

हे गणित मोडलं की काय होतं, ते इ.स.पू. 341 मध्ये चीनमधल्या मालिंगच्या लढाईत दिसलं. छी राज्याच्या सैन्याचा सल्लागार सुन बिन सैन्यासह शत्रूच्या, म्हणजे वेई राज्याच्या मुलखात शिरला. सीमा छ्येन या इतिहासकाराने लिहिलंय, की सुन बिनने पहिल्या दिवशी एक लाख चुली मांडायला लावल्या, दुसऱ्या दिवशी 50 हजार, तिसऱ्या दिवशी 30 हजार. वेईचा सेनापती पांग ज्वान खूश झाला: निम्म्याहून जास्त शत्रू पळाला! पायदळ मागे सोडून, निवडक हलकी तुकडी घेऊन त्याने दोन दिवसांची मजल एका दिवसात मारली आणि अंधार पडता पडता अरुंद वाटेवर दबा धरलेल्या धनुर्धाऱ्यांसमोर जाऊन पडला. शत्रूच्या चुली त्याने मोजल्या, स्वतःचं मागे राहिलेलं पायदळ मोजलं नाही.

आता वेढा. सुन त्झूच्या तिसऱ्या प्रकरणात हिशेब असा: ढाली आणि गाड्या बनवायला तीन महिने, तटाला भिडणारे मातीचे ढिगारे रचायला आणखी तीन. सेनापतीचा धीर सुटून त्याने माणसं मुंग्यांसारखी तटावर चढवली, तर तिसरा हिस्सा मरतो आणि शहर काही हाती येत नाही.

आपल्याकडे बांधाचा दावा म्हणजे असाच वेढा. दावा लावण्याआधी एका कागदावर वकिलाची फी, मोजणीची फी, तारखेचा प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी मांडा. वर्षाला किती तारखा पडतील त्याने गुणा, मग निदान पाच वर्षांनी. तेराव्या प्रकरणात तो सांगतो, की एक लाखाचं सैन्य निघालं तर सात लाख घरांची शेती अडते. तेव्हा घरातल्या इतरांचे मोडणारे दिवसही धरा. त्याच कागदावर बाजूला वादातल्या जमिनीच्या पट्टीची बाजारातली किंमत लिहा. खर्च जास्त निघाला, तर तडजोडीत जास्तीत जास्त किती सोडायचं तो आकडा तिथेच ठरवा, आणि मग बोलणी करायला जा. भांडण झालं त्या दिवशी मात्र हा कागद करायला बसू नका. रागाच्या भरात सैन्य उभं करू नये, असं बाराव्या प्रकरणात राजालाच बजावलंय. त्या दिवशी पट्टीची किंमत दुप्पट लिहिली जाते आणि तारखा निम्म्या.