दहा बाय दहाचा आवाज

(माहितीपटाचं निवेदन. नौपाडा, रविवार सकाळ. गल्ली, जिना, दार. दार उघडेपर्यंत निवेदन नाही.)

ठाणे पश्चिम. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीचा दुसरा मजला. खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद, उंची नऊ. खिडकीखाली टेबल, टेबलावर दोन स्पीकर, स्टँडवर माइक, दारामागं आजीचं लोखंडी कपाट. दिवसा नोकरी करणारा एक मुलगा रात्री आणि सुट्टीला इथं रेकॉर्डिंग करतो. अभंग, भावगीतं, तबल्याचं एकल वादन, क्वचित कुणाच्या लग्नाच्या मंगलाष्टका.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ठाण्याला वानवा नाही. पं. राम मराठ्यांच्या नावानं महापालिका संगीत महोत्सव भरवते, ते हे गाव. माइकही बरा आहे. तरी इथलं रेकॉर्डिंग ऐकलं की लोक विचारतात, कुठल्या रिकाम्या खोलीत केलंत?

(टाळी. पुन्हा टाळी. आवाज पूर्ण संपू द्यावा.)

टाळीमागून आलेलं ते 'ट्रर्र' भिंतींचं. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती तीच टाळी एकमेकींकडे परतवत राहतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर आणि मधलं अंतर अवघं दहा फूट, म्हणजे सेकंदाला पन्नासहून जास्त फेऱ्या. माइक त्या सगळ्या इमानेइतबारे टिपतो.

(तबलावादक बसलेले. बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, एकच बोल: घे. घे. घे.)

इथं हेडफोन लावा. गुरुजी एकाच जागी बसलेत, एकाच वजनानं 'घे' वाजवताहेत. हलतोय तो माइक. भिंतीशी नेला की बायाँ फुगतो. खोलीच्या मध्यावर आणला की त्याचा तळच निघून जातो.

दोष चौकोनाचा. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्‌झचा स्वर, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनांचा, नेमका मावतो, आणि त्याच्या दुपटीचा, ११२ चाही. लांबी आणि रुंदी वेगळी असती तर त्यांचे स्वर वेगवेगळ्या जागी पडले असते. इथं ते एकावर एक चढून बसतात. छताचा स्वर ६२ च्या आसपास, म्हणजे तोही खेटूनच. बिल्डरनं खोली आखताना बायाँचा विचार केला नसणार. कशाला करेल?

(अगदी जवळून: दायाँची, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याची शाई.)

ही शाई बघा. लोहचूर्ण आणि खळ यांचे थर घोटून घोटून चढवलेत. मध्ये जाड, कडेला पातळ. नुसत्या चामड्यावर थाप मारली तर निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. शाईच्या वजनामुळे ते पटीत येतात आणि थापेतून सूर ऐकू येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच हे शास्त्रीय भाषेत मांडलं. इतक्या निगुतीनं सुरात आणलेलं वाद्य, आणि खोली त्यात आपलं घुसडते.

(फोम ओढून काढतात. मागं रंगाचे पोपडे.)

इलाज झालाच नव्हता असं नाही. एक इंची फोम, पिरॅमिडच्या नक्षीचा, ऑनलाइन मागवलेला. वर्णनात ठळक अक्षरांत 'साउंडप्रूफ'. दोन भिंती मढवल्या. कुकरच्या शिट्ट्या येत होत्या तशा येत राहिल्या, बायाँ फुगत होता तसा फुगत राहिला. गेली ती फक्त वरची चकाकी: 'स', 'श', झांजेची किणकिण. खोली होती त्याहून ढब्ब झाली. शिवाय हा साधा फोम पेटला तर भराभर जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. तरी घरोघरच्या स्टुडिओत हाच का दिसतो? व्हिडिओत छान दिसतो म्हणून.

फोम बायाँवर का चालला नाही, ते समजायला सोपं आहे. आवाज म्हणजे हवेचं हलणं. ही हलणारी हवा तंतूंच्या जाळ्यातून गेली की घर्षण होतं, आवाजाची थोडी उष्णता होते, आवाज कमी होतो. पण भिंतीला लागून हवेला हलायला जागाच नसते. ती सगळ्यात जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्‌झसाठी ते अंतर साडेआठ सेंटिमीटर. १०० हर्ट्‌झसाठी ८५ सेंटिमीटर, पावणेतीन फुटांहून जास्त. भिंतीला चिकटलेला एक इंच फोम बायाँच्या वाटेत येतच नाही.

(आतल्या खोलीतून गाद्या येतात. आई दारात.)

पैसे घालण्याआधी एक फुकटची चाचणी. घरातल्या कापसाच्या गाद्या उभ्या करून भिंतींना टेकवल्या आणि पुन्हा टाळी वाजवली. ऐका.

(टाळी.)

ही युक्ती सव्वाशे वर्षांहून जुनी. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळेना. शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे काम आलं. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, आवाज विरायला लागलेला वेळ मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ आणि आत आवाज शोषणारं क्षेत्रफळ कळलं की घुमण्याचा वेळ काढता येतो. खोल्यांचं ध्वनिशास्त्र तिथून सुरू होतं. आपल्या खोलीचं घनफळ साडेपंचवीस घनमीटरच्या आसपास. घुमणं ०.३ सेकंदावर आणायचं तर सूत्र सांगतं, पुरेपूर शोषणारं क्षेत्र हवं पावणेचौदा चौरस मीटर. एवढ्या लहान खोलीत खालच्या स्वरांना हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण किती माल आणायचा याचा अंदाज येतो.

आईंचा प्रश्न वेगळा होता: "रात्री झोपायचं कशावर?"

(आरसा भिंतीवरून सरकतोय.)

आवाज शोषणारं पॅनेल लावायचं कुठं? मुलगा ऐकायच्या जागी बसला. मित्र आरसा भिंतीवरून सरकवतोय. आरशात स्पीकर दिसला की पेन्सिलची खूण. स्पीकरचा आवाज पहिल्यांदा आपटून कानाकडे येतो तो याच जागेवरून. सरळ आलेल्या आवाजामागून तो काही मिलिसेकंदांनी पोचतो आणि त्यातले काही स्वर खाऊन टाकतो. खुणा दोन्ही बाजूंना झाल्या आणि एक छतावर.

(रॉकवूलचे गठ्ठे जिन्यातून वर येतात.)

आता खरा माल. रॉकवूल. बेसॉल्टसारखा दगड, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला काळा पाषाण ज्या जातीचा त्या जातीचा, भट्टीत १५०० अंशांच्या आसपास वितळवतात आणि त्याचा रस गरगर फिरवून तंतू काढतात, जत्रेत साखरेच्या पाकाचा कापूस काढतात तसे. इथं आणलेले तक्ते चार फूट बाय दोन फूट, दोन इंच जाड, वजन घनमीटरला ४८ किलो. हा माल इमारतीच्या कामाचा. फॅक्टरीच्या छताला, बॉयलरच्या पाइपाला, एसीच्या डक्टला लागतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तो नवा नाही. दगडच असल्यामुळे तो पेट घेत नाही. हाताळताना मात्र मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात. तंतू टोचतात.

(मिस्त्री. टेप, करवत, पाइनच्या पट्ट्या.)

मिस्त्रींनी आजवर स्वयंपाकघरं केली, कपाटं केली, देव्हारे केले. आवाजाचं काम पहिलंच. पाइनच्या चार इंच रुंद पट्ट्यांची चौकट, आत दोन तक्ते एकावर एक, म्हणजे जाडी चार इंच. कोपऱ्यात फेविकॉल आणि स्क्रू. काटकोन बघायला त्यांनी गुण्या लावला आणि तोंडानं म्हणाले, "फोटोफ्रेमच आहे की मोठी." मागच्या बाजूला फळी मारायला घेतली तेव्हा मुलानं हात धरला. फळी मारायची नाही. आवाज पाठीमागूनही आत शिरला पाहिजे.

पुढचा वाद कॅमेऱ्यात आलाय.

"मागं चार इंच जागा कशाला सोडायची? भिंतीला टाइट बसवतो ना. पक्कं होईल."

"काका, टाइट बसलं की अर्धं काम वाया. हवा हलते ती भिंतीपासून लांब. रिकामी जागा फुकटात जाडी वाढवते."

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी एक पट्टी लांबीत तिरकी चिरली. एक भाग ठोकळे देऊन भिंतीवर, दुसरा चौकटीच्या पाठीवर. वरून अडकवलं की चौकट आपल्याच वजनानं घट्ट बसते आणि हवी तेव्हा उचलून काढता येते. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. किचनच्या वरच्या खणांची कपाटं ते अशीच टांगतात. आमच्या मते अख्ख्या कामातलं सगळ्यात देखणं काम हे, म्हणून ते थोडं लांबलंय.

(कापडांची चळत. तोंडाशी कापड धरून फुंकर.)

कापड निवडायची परीक्षा ही. तोंडाशी धरायचं आणि फुंकायचं. श्वास आरपार गेला तर आवाजही जाईल. रेक्झिन बाद. पडद्याचं अस्तर लावलेलं कापड बाद. गोणपाट पास, जाडीभरडी खादी पास. आत तंतू झडू नयेत म्हणून आधी नॉन-वूव्हन कापडाचं वेष्टण, वरून खादी. ताणायला आले सोफ्याचे कारागीर, स्टेपलर गन घेऊन. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे. कोपऱ्याची घडी त्यांच्या बोटांना पाठ आहे.

(दातेरी सुरीनं तक्ते कापतात. त्रिकोणांची चळत वाढत जाते.)

बायाँचा हिशोब चुकता होतो तो कोपऱ्यात. खोलीतल्या प्रत्येक घुमणाऱ्या स्वराचा दाब कोपऱ्यात सर्वात जास्त साठतो. त्यामुळं जितकं जाड काम करता येईल तितकं तिथं करायचं. पाव कापायच्या दातेरी सुरीनं प्रत्येक तक्त्याचे दोन चौकोन आणि चौकोनाचे तिरके दोन, म्हणजे एका तक्त्यातून चार त्रिकोण. एकावर एक रचत जमिनीपासून छतापर्यंत. नऊ फुटांना दोन इंची ५४ थर, एका कोपऱ्यात साधारण २४ किलो माल. खालचे थर दबू नयेत म्हणून मध्ये पट्ट्यांचा आधार, समोर खादीची चौकट. असे दोन कोपरे भरले. तिसऱ्यात दार, चौथ्यात आजीचं कपाट. कपाट हलवायचा विषय निघाला होता. कपाट हललं नाही.

छतालाही एक पॅनेल साखळ्यांनी टांगलं. पंखा काढला, मे महिन्यात काय करणार ते त्यांचं त्यांना ठाऊक.

(खिडकी. बाहेरून लोकलचा भोंगा.)

एक स्पष्ट सांगायला हवं. यातलं काहीच बाहेरचा आवाज अडवत नाही. ते काम वजनाचं आणि फटी बुजवण्याचं: जड भिंत, जाड काच, दाराला रबर. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर फरक पडतो साधारण ६ डेसिबलचा. सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीच्या फटीतून त्याहून जास्त आत येतं. ठाण्याला गाडी १६ एप्रिल १८५३ ला आली, ती काही जाणार नाही. मुलगा दोन लोकलच्या मध्ये टेक घेतो.

खर्च एका चांगल्या माइकच्या आसपास झाला. माइक तोच जुना.

(गुरुजी पुन्हा बसतात. घे. माइक भिंतीकडून मध्याकडे. मग तीनतालातला कायदा, ही तबल्यावरची रचना, पूर्ण. इथं निवेदन नको.)

भिंतीशी आणि मध्यावर अजून फरक आहे, पण बायाँ आता दोन्हीकडे ओळखू येतो. टाळीमागचं 'ट्रर्र' गेलं. फुकटचं सॉफ्टवेअर आणि मोजणीचा माइक लावून मुलानं आलेख काढला, त्यात ५६ चा सुळका ठेंगणा झालाय, सपाट नाही.

(जिना. उरलेले तक्ते खाली जाताहेत. टेप काढलेले मिस्त्री.)

उरलेला माल कळव्याला, गुरुजींच्या क्लासात चाललाय. ती खोली बारा फूट बाय नऊ, उंची नऊ. रुंदी आणि उंची सारखीच, म्हणजे तिढा तोच, या खेपेला भिंती आणि छत यांच्यातला. मिस्त्रींनी विचारलं, "कोपरे किती रिकामे आहेत?" गुरुजी म्हणाले, तीन. सुरी बरोबर घेतली आहे.