दिवाळी, माहेर आणि माझ्या गुन्हेकथा

नमस्कार श्रोतेहो. सगळ्यांना दिवाळीच्या आणि पुढं येणाऱ्या मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, खूप खूप शुभेच्छा. मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडची, वैनगंगेच्या पट्ट्यातली, आणि मी गुन्हेकथा लिहिते. हे ऐकलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की बाई, घरात दिवे लागलेत, लेकरं फुलझड्या उडवून राहिली आणि तुम्ही हे खून, विष, पंचनामे कुठून काढता अन कशाला काढता. आमच्या घरातल्या एक म्हाताऱ्या आत्याबाई आहेत, त्या तर दरवर्षी दिवाळी अंक हातात घेतला की म्हणतात, "का लिवतेस वो बाई, सनाच्या दिवसी मेल्याची गोठ?" त्यांना मी आजवर नीट उत्तर दिलेलं नाही, कारण चुलीवर कढई असते, पाहुणे असतात, बोलणं तिथंच राहून जातं. आज वेळ मिळालाय तर ते उत्तर तुमच्यासमोरच देते.

आधी कामाचं सांगते. मराठीत दिवाळी अंक सुरू झाले १९०९ साली, 'मनोरंजन' मासिकानं पहिला काढला, आणि तेव्हापासून आपल्याकडं फराळासोबत वाचायला गोष्टी लागतात. पण अंक दिवाळीचा असला तरी संपादकांचा फोन मे-जूनमध्ये येतो. आमच्याकडं मे महिना म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पारा पंचेचाळीसला टेकलेला, लाईट गेलेली, कूलर बंद, आणि मला लिहायची असते कार्तिकातली रात्र. दव पडलंय, हलकं धान कापून बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, पसरलंय, भारी धान अजून उभं आहे, आणि त्या ओल्या बांधीतून कोणीतरी चालत गेलंय. हे मनानं लिहून चालत नाही. उन्हाळ्यात मृतदेह एका दिवसात बिघडतो, अंगाचा ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो, तोच थंडीत जास्त वेळ टिकतो, म्हणजे पीएम, शवविच्छेदन, करणारे डॉक्टर मरणाच्या वेळेचा जो अंदाज सांगतात तो ऋतूप्रमाणं बदलतो, आणि लेखिकेनं मे महिन्यात बसून मे महिन्याच्याच हिशोबानं लिहिलं तर सगळा तपासच खोटा पडतो. म्हणून मी दिवाळीत गोष्ट लिहीत नाही पण वही जवळ ठेवते. अंधार किती वाजता पडला, दव कधी आलं, धानाचे ढीग, पुंजणे, कुठं लागले, रात्री रस्त्यानं कोण जातं येतं, हे सगळं लिहून ठेवते. आमचे हे शेतकरी आहेत, गोष्ट पहिल्यांदा तेच वाचतात आणि विळा कसा धरतात, भारा कसा बांधतात इथपासून तपासतात. त्यांनी पास केल्याशिवाय मी पीडीएफ पाठवत नाही.

कायद्याचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम ३०२ होतं ते १०३ झालं, पण पारावर बसलेला माणूस अजून "तीनशे दोन लागला" असंच म्हणतो, आणि माझ्या पात्रांनी पण तसंच म्हणायला पाहिजे. ठाणेदार मात्र कागदावर १०३ लिहील. त्यातही घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर जुनंच कलम लागतं. मला हे बारकावे फार महत्त्वाचे वाटतात, कारण आमच्या भागातला वाचक कोर्टाची पायरी चढलेला असतो, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादात नाहीतर वाटणीच्या केसमध्ये, त्याला कलमं पाठ असतात.

आता घराचं. माझे बाबा गावचे पोलीस पाटील होते. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं हे पद आलं, पगार नाही, मानधन असतं, आणि काम असं की गावात काही बरंवाईट झालं की ठाण्यात खबर पहिल्यांदा यांनी द्यायची. रात्री-बेरात्री कोणी दार वाजवलं की आई काही न विचारता कंदील लावायची आणि बाबा सदरा घालायचे. सणाचा दिवस असो की काही असो. विहिरीत कोणी पडलं, बांधीत कोणी औषध पिऊन सापडलं, करणीच्या संशयावरनं एखाद्या म्हातारीला मारलं, बाबा तिथं उभे राहायचे, पोलीस येईपर्यंत कोणाला जवळ जाऊ द्यायचे नाहीत. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल व्हायचा, पंचनामा व्हायचा, पंच सह्या करायचे, बॉडी तालुक्याला जायची. विषाचा संशय असला तर डॉक्टर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवायचे, मिठाच्या पाण्याच्या बरणीत, आणि ती सीलबंद बरणी घेऊन शिपाई नागपूरच्या प्रयोगशाळेत जायचा. गाव म्हणायचं झालं, संपलं. पण बाबा त्यानंतरही त्या घरी जात राहायचे, महिना झाला, दोन महिने झाले, तरी. आणि त्या घरात पहिली दिवाळी आली की मला सोबत न्यायचे, आईनं दिलेला फराळाचा डबा माझ्या हातात असायचा, कारण दुखवट्याच्या घरी कढई चढत नाही, शेजारपाजारच्यांनीच द्यायचं असतं.

मी जे काही लिहिते ना ते त्या डब्यामुळं लिहिते, असं मला मनापासून वाटतं. गुन्हा ठाण्यातल्या रजिस्टरमध्ये एका तारखेला घडतो, घरात तो वर्षानुवर्षं घडत राहतो आणि सणाला तर सगळ्यात जास्त. पोळ्याला बैलाला कोण ओवाळणार, लक्ष्मीपूजनाला चोपडी कोणाच्या हातानं लागणार, भाऊबीजेला कोणाच्या ताटात कोण. हे प्रश्न कुठल्याच चार्जशीटमध्ये नसतात. तर आत्याबाई, सणाच्या दिवशी मेल्याची गोष्ट मी यासाठी लिहिते की ज्या घरात ती घडली त्या घराला सणाच्या दिवशी तीच गोष्ट आठवत असते, आणि बाकीचं गाव त्या दिवशी त्या दाराकडं बघायचं टाळतं.

एक गोष्ट मात्र मी पाळते. आमच्या गावातली, आसपासच्या गावातली खरी केस मी घेत नाही. एसटीत, बाजारात लोक थांबवून सांगतात, मॅडम ते अमक्या गावचं प्रकरण आहे ना त्याच्यावर लिहा, मी तुम्हाला आतलं सांगतो. मी ऐकून घेते आणि लिहीत नाही. त्या प्रकरणातल्या पोराची आई आणि मी एकाच आठवडी बाजारात वांगी घेतो, तिनं माझा अंक उघडला आणि तिचं घर तिला त्यात दिसलं तर मी तिच्यासमोर कोणत्या तोंडानं उभी राहू.

यंदाची माझी जी गोष्ट छापून आली ती भाऊबीजेची आहे, आणि तिच्याबद्दल जरा जास्त बोलायचंय. दिवाळीला लेकी माहेरी येतात, हे आपल्याकडं किती सहज म्हणतो आपण. गुन्हेकथा लिहिणारी म्हणून मला हे सगळ्यात मोठं वाटतं. का, ते सांगते. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर कायदा वेगळा वागतो. नुसत्या पोलिसांवर सोपवत नाहीत, तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, म्हणजे कार्यकारी दंडाधिकारी, येऊन चौकशी करतात, पीएम होतंच. हुंडाबळीचं कलम पूर्वी ३०४ ब होतं, आता न्याय संहितेत ८० आहे. त्यात दाखवावं लागतं की मरणाच्या आधी, नजीकच्या काळात, हुंड्यापायी तिचा छळ झाला होता. आता मला सांगा, हे कोण सांगणार? सासरचे सांगत नाहीत. शेजारी म्हणतात आम्ही कामावर गेलो होतो. सांगू शकतात ते माहेरचे, आणि माहेरच्यांनी तिला शेवटचं नीट बघितलेलं असतं बहुतेक दिवाळीला. ती काय बोलली, काय बोलली नाही, जेवली का, रात्री झोपली का, परत जाताना पिशवी भरायला तिनं किती वेळ लावला. कोर्टात वकील विचारतो, तेव्हाच का नाही तक्रार केली, आणि भाऊ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गप्प उभा राहतो. हे दृश्य कितीतरी घरांत झालंय.

माझ्या गोष्टीत तोच भाऊ आहे. बहीण गेलीय, व्हिसेराचा रिपोर्ट यायचाय, आणि भाऊबीज आली. डिटेक्टिव्ह नाही, पाठलाग नाही. तो फक्त मागची भाऊबीज आठवत बसतो, की ती पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून आली होती, उकडत होतं तरी, आणि आईनं विचारलं तर म्हणाली बसमध्ये वारा लागला. त्यानं ते ऐकलं होतं. पाटावर बसला होता, हसला पण होता. एवढ्या एका आठवणीभोवती सगळी गोष्ट फिरते, आणि मी ती लिहिताना दोनदा उठून अंगणात गेले.

ऐकणाऱ्यांत अशी कोणी बहीण असेल तर १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे आणि तातडीचं असलं तर ११२ लावायचा, कोणत्याही फोनवरून लागतो. आणि भाऊ ऐकत असेल तर त्यानं बहिणीला ओवाळणी दिल्यावर तिच्याशी एकटीशी बोलावं, घोळक्यात कोणीच काही सांगत नसतं.

गुन्ह्यानंतर घाई करायची नाही हे मी शिकले कुठं म्हणाल तर आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागाच्या, नाटकांत. भाऊबीज झाली की गावोगावी मंडया भरतात, गोवारी समाजाची ढाल निघते, लाखोरीच्या डाळीचे वडे, पाहुण्यांची गर्दी, आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथं नाटक कंपन्यांची बुकिंगं होतात, रस्त्यानं जाल तिकडं बॅनरच बॅनर. दहा वाजता पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत चालतं, लोक चादरी-रजया घेऊन बसलेले. २०२३ साली आपल्या झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात लोकांनी आपल्याच घरात मिळाल्यासारखे पेढे वाटले. तर या नाटकात खून झाला की लगेच चोर पकडा असं नसतं. आई येते. तिला बोलायला वेळ देतात, रडायला वेळ देतात, पेटीवाला सूर धरून ठेवतो, हजार-दोन हजार माणसं थंडीत गप बसून तिचं ऐकतात आणि कोणी उठत नाही. शहरातले काही मित्र म्हणतात हे फार लांबण लावतात, एडिट करायला पाहिजे. मला ते अजिबात पटत नाही. त्या आईला बाहेर कुठं एवढा वेळ मिळतो? ठाण्यात मिळत नाही, दवाखान्यात मिळत नाही, कोर्टात तर तारीखच मिळते.

आमच्या घरी आता सगळे आलेत. मुलगा चाकणहून आला, ट्रेनमध्ये उभ्यानं, मुलगी नागपूरहून आली, तिचा भाऊ तिला स्टॅंडवर घ्यायला गेला होता. अनारसे सासूबाईंनीच केले, माझे विरघळतात म्हणून त्या मला हात लावू देत नाहीत. दोघा पोरांनी गोष्ट वाचली. मुलगा काही बोलला नाही, संध्याकाळी बहिणीला घेऊन नदीकडं फिरायला गेला, बराच वेळ आले नाहीत दोघं. मुलगी बोलली, आणि भांडलीच म्हणा ना. म्हणे आई, तुझ्या गोष्टीतल्या भावाला सगळं ती मेल्यावर का कळतं? वर्षभर आधी पाटावर बसला होता तेव्हा कळलं असतं तर? मी म्हटलं मग गुन्हेकथा कुठं राहिली. ती म्हणाली, राहते, लिहून बघ.

अंक छापून झाला, त्यात आता काही होत नाही. पण मी दुसरी गोष्ट धरलीय, पुढच्या वर्षीसाठी, मंडई आटोपली की बसणार. त्यात भाऊ बाही वर करून बघतो आणि तिसऱ्या दिवशी बहिणीला सासरी पोचवायला नकार देतो. मग सासरचे जीप घेऊन येतात, नातेवाईक मध्ये पडतात, वडील म्हणतात गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आई आतल्या खोलीतून निघत नाही, आणि पोलीस पाटलाला बोलावणं जातं. त्याचं बोलणं मी बाबांच्या बोलण्यावरून लिहिणार आहे. त्या गोष्टीत कोणी मरेल की नाही हे ठरायचंय. संपादकांना वाटेल की मरावं, मुलगी म्हणते नको. मला मुलीचं पटतंय.

बरं, येते. नमस्कार.