कानबाईच्या वाटेवरचा मुरूम

नमस्कार श्रोतेहो.

चीनमध्ये एकाच पक्षाची सत्ता. जाब विचारणारा विरोधी पक्ष नाही, मोकळी वर्तमानपत्रं नाहीत. तरीही एका खेड्यात रस्ता पक्का आणि शेजारच्या खेड्यात चिखल, असं का? हा प्रश्न घेऊन लिली त्साय या राज्यशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी तिथल्या 316 गावांची पाहणी केली. त्यांचं उत्तर वाचलं आणि मला आजोळची कानबाई आठवली. कानबाई म्हणजे खानदेशात श्रावणात घरी बसवतात ती देवी.

आजोळ तापीकाठचं, शिरपूरकडचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली. माणसागणिक मुठीनं मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट झाले. (रोटाचे गहू जात्यावरच दळावेत. गिरणीच्या पिठाला ती चव नाही, हे माझं ठाम मत.) रात्रभर पाऊस कोसळला. सोमवारी सकाळी विसर्जनाला निघालो, तर नदीकडची वाट गुडघाभर चिखलात. मामीच्या डोक्यावर चौरंग, त्यावर नथ घातलेला नारळ. डफ थांबला. सरपंच आमच्याच भाऊबंदातले, आदल्या रात्री पंगतीत शेजारी बसून रोट खाल्लेले. आजी त्यांना एवढंच म्हणाली, "भाऊ, या चिखलमा माय कशी जाई?"

कुणी आवाज चढवला नाही. सरपंचांनी मान खाली घातली, पायजमा खोचला, स्वतःचा ट्रॅक्टर काढला आणि मुरूम आणून टाकला. तासाभरानं कानबाई निघाली. ठरावाच्या वहीत तीन वर्षं पडून राहिलेला तो रस्ता दिवाळीआधी पक्का झाला.

त्साय बाईंना असंच दिसलं. जिथे देवळाचा उत्सव सगळ्या गावाचा आणि अधिकारीही त्यात सामील, तिथे रस्ते, शाळा बऱ्या. पुन्हा सांगते, सगळं गाव हवं आणि अधिकारीही आत हवा. कूळ, म्हणजे एका पूर्वजाची भावकी, गावातल्या एकाच भागाचं असेल, तर उपयोग नाही. चर्चमध्ये माणसं जमतात, पण पक्षाचा माणूस तिथे पाऊल टाकत नाही, म्हणून त्याला लाजही वाटत नाही. मतपेटीचा धाक नसताना चारचौघांतली लाज काम करते, ती अशी.

आजोळचे आताचे सरपंच धुळ्याला राहतात. कानबाईला येत नाहीत. शाळेमागची गटार दोन पावसाळे तुंबलेली आहे.