फाइल कुठे आहे?

(दृश्य : टेबलावर जाडजूड फाइल. कोपरे दुमडलेले.)

लिम्फोमाच्या उपचारातलं शेवटचं सलाइन उतरतं, कर्करोग उरलाय का ते दाखवणारा पेट स्कॅन स्वच्छ येतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "सुटलो एकदाचे!" त्या दिवशी ते खरंच असतं. वीस वर्षांनंतरचं मात्र वेगळं बोलावं लागतं.

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. त्यातल्या एका प्रकाराचं वर्णन १८३२ साली थॉमस हॉजकिन यांनी केलं; त्यांचंच नाव त्याला मिळालं. पुढे शंभरहून जास्त वर्षं पसरलेला हॉजकिन म्हणजे मरणच. मग १९६४ च्या सुमारास अमेरिकेत व्हिन्सेंट डीव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार औषधं एकत्र द्यायला सुरुवात केली. मॉप हे त्या उपचाराचं नाव. पसरलेल्या आजाराचे जवळपास निम्मे रुग्ण त्यातून वाचले.

पण वाचलेली माणसं पुढे जगत राहतात, आणि तेव्हाच औषधाची दुसरी बाजू कळते. अनेक पुरुषांना मूल होईना. काहींना दहाएक वर्षांच्या आत रक्ताचा कर्करोग झाला, तोही उपचारामुळेच. १९७०च्या दशकात मिलानमध्ये जियान्नी बोनाडोना यांनी एबीव्हीडी हा औषधांचा नवा संच आणला. हे दोन्ही धोके बरेच कमी झाले. त्यातलं डॉक्सोरुबिसिन मात्र हृदयाच्या स्नायूंवर, तर ब्लिओमायसिन फुप्फुसांवर उठतं.

(दृश्य : छातीचा जुना एक्स-रे.)

रेडिएशनची गोष्ट याहून लांबते. पूर्वी मान, काख, छाती असा मोठा पट्टाच शेकून काढत. विशीत तो घेतलेल्या कितीतरी मुलींना पुढे ऐन चाळिशीत स्तनाचा कर्करोग झाला. कुणाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, कुणाचं थायरॉइड मंदावलं. हॉजकिनमधून बरे झालेल्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की पंधरा-वीस वर्षांनंतर मूळ आजारापेक्षा इतर कारणांनी होणारे मृत्यू जास्त असतात. म्हणून 'पाच वर्षं जगले' हा हिशेब मला नेहमी अपुरा वाटतो. पंचविशीतल्या माणसाला पाच वर्षं म्हणजे किती?

सगळे लिम्फोमा एका चालीचे नसतात, हेही सांगायला हवं. झपाट्याने वाढणाऱ्या लार्ज बी-सेल प्रकारात उपचारानंतर पहिली दोन वर्षं निर्धोक गेली, तर पुढचं आयुर्मान साधारण इतरांइतकंच भरतं. फॉलिक्युलर प्रकार संथ. तो जातो, परत येतो. माणसं वर्षानुवर्षं त्याच्यासोबत संसार करतात.

आजचे उपचार अधिक मोजूनमापून दिले जातात. हॉजकिनमध्ये औषधांच्या दोन फेऱ्यांनंतरचा (सायकल) स्कॅन चांगला आला, तर पुढे ब्लिओमायसिन वगळता येतं. रेडिएशनचा पट्टाही आक्रसला आहे. पण जुन्या पद्धतीने बरी झालेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांना तपासणारे डॉक्टर बहुधा कर्करोगाचे नसतातच.

(दृश्य : दवाखाना. समोरासमोर दोन खुर्च्या.)

जिना चढताना धाप लागते म्हणून कुणी हृदयरोगतज्ज्ञाकडे जातं. बोलता बोलता जुना आजार निघतो. डॉक्टर विचारतात, "कोणती औषधं दिली होती? रेडिएशन कुठे, किती?" रुग्ण म्हणतो, "लाल रंगाचं एक सलाइन असायचं." फाइल घर बदलताना गेली.

लाल म्हणजे बहुतेक डॉक्सोरुबिसिन. एकूण किती दिलं, ते त्या फाइलमध्ये होतं. डॉक्टर कागद पुढे ओढतात आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून देतात.