चेंडूसाठी केलेली जमीन

(नेरूळ येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

खारघरला सिडकोचा गोल्फ कोर्स आहे, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे आत जाऊन खेळलेले किती? दोन हात. बरं. आणि डिस्क गोल्फ खेळलेले? आज बोलायचंय ते बंद पडलेल्या गोल्फ कोर्सवर चालणाऱ्या डिस्क गोल्फबद्दल, म्हणून आधी खेळच सांगतो.

प्लास्टिकची चकती, साधारण 21 सेंटिमीटर व्यासाची, 150 ते 175 ग्रॅमची. चौपाटीवरच्या फ्रिस्बीपेक्षा लहान आणि कडेला निमुळती. ठरलेल्या जागेवरून फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी साखळ्या लावलेल्या टोपलीत घालायची. ज्याची चकती टोपलीपासून सगळ्यात लांब, तो आधी फेकणार. एड हेड्रिक या माणसानं 1975 साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स आखला. साखळ्यांची टोपलीही त्याचीच. त्याआधी लोक एखादं झाड नाहीतर खांब नेमायचे आणि चकती लागली की चाटून गेली यावरून भांडायचे. टोपली आल्यावर ती भांडणं मिटली. हेड्रिक 2002 साली गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख मिसळून चकत्या घडवल्या. आपल्याकडे अस्थी नाशिकला नेतात, हे गृहस्थ पुन्हा उडायला निघाले!

आता मूळ विषय. अमेरिकेत 2006 नंतर कित्येक वर्षं नवे उघडण्यापेक्षा बंद पडणारे गोल्फ कोर्स जास्त होते. आधीच्या दशकात घरं विकायला म्हणून भारंभार कोर्स बांधले गेले, आणि ते सांभाळणं महाग पडलं. ग्रीनवरचं, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतालच्या हिरवळीचं, गवत जवळजवळ रोज, तीनेक मिलिमीटरपर्यंत कापावं लागतं. पाणी, खत, औषधं वेगळीच. अशा बंद जागांपैकी काही डिस्क गोल्फवाल्यांनी घेतल्या. मिनेसोटात क्लियरवॉटरला ‘द प्रिझर्व’ नावाचा कोर्स आहे, तो असाच. माझी मुलगी तिकडच्या भागात असते, त्यामुळे अशा एका जुन्या मैदानावर मलाही खेळायला मिळालं.

माझं मत विचाराल, तर तिथले निम्मे होल, म्हणजे पहिल्या फेकीपासून टोपलीपर्यंतचे टप्पे, कंटाळवाणे होते. लांबच लांब मोकळा पट्टा आणि टोकाला टोपली. गोल्फच्या चेंडूला साडेतीनशे मीटरची मोकळी वाट लागते. माझ्यासारखा हौशी माणूस चकती साठ-सत्तर मीटर फेकतो. म्हणजे पाच-सहा वेळा तेच फेकायचं, तेही मध्ये काही आडवं येत नसताना. चकतीची गंमत वळणात आहे. भोवरा मंदावला की कलंडतो ना, तशी चकतीही वेग ओसरला की कलते. उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून डावीकडून उजवीकडे नेत, फेकलीत तर शेवटी डावीकडे जाते. समोरून वारा असेल तर आधी उजवीकडे झुकते. हे वळण वापरायला झाड हवं, दोन बुंध्यांमधली फट हवी. उघड्या माळावर वळलात काय आणि न वळलात काय!

उरलेले होल मात्र फार सुरेख होते. तिथे आखणाऱ्यानं मधला पट्टा सोडून दिला होता. गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं. खेळाची वाट त्यानं बाजूच्या झाडीतून काढली होती, जिथे गोल्फवाल्याचा चेंडू गेला तर तो कपाळाला हात लावतो. एका ठिकाणी टोपली जुन्या ग्रीनवर होती. ग्रीन उंचवट्यावर असतं आणि पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो. माझी चकती साखळीला लागून बाहेर पडली, कडेवर उभी राहिली आणि चाकासारखी घरंगळत उतारावरून थेट खालच्या वाळूच्या खड्ड्यात. खड्ड्यात आता गवत माजलंय, पण सीमारेषा तीच ठेवलीय. आत गेलात की एक फेक दंड. चेंडूसाठी केलेल्या जमिनीनं चकतीला असं पकडलं, हे मला भलतंच आवडलं.

(श्रोत्यांमधून: “मग खारघरचा मोडून हे करायचं का?”)

अजिबात नाही. तो चालू आहे, चालू दे. आणि नवी जागाही मागत नाही. इथल्या पाणथळीवर गोल्फ कोर्स करायचा बेत 2018 साली उच्च न्यायालयानं रद्द ठरवला, ते तुम्हाला आठवत असेल. डिस्क गोल्फ आहे म्हणून तिथे चालेल, असंही कुणी म्हणू नये. चकत्या लागून झाडांची साल सोलवटते, टोपलीभोवतीची माती पायांनी दगडासारखी घट्ट होते. एखाद्या उद्यानाचा झाडांचा कोपरा, आखूड अंतराच्या नऊ टोपल्या, एवढ्यानं भागतं. गवत कापायला रोज माणूस लागत नाही, मोरबे धरणाचं पाणीही ओतावं लागत नाही. अट एकच, आणि ती कडक: जॉगिंग ट्रॅकवरून एकही फेक जाता कामा नये. ही चकती डोक्याला बसली तर टाके पडतात, आणि आपल्या उद्यानांत सकाळी सहाला पाय ठेवायला जागा नसते.

(“पावसाळ्यात काय?”)

पावसाळ्यात गवत कमरेएवढं होतं, शोधण्यात दिवस जातो. केशरी नाहीतर गुलाबी चकती घ्या. हिरवी दुकानात छान दिसते, तिच्या नादी लागू नका.