दात घासले की

मे महिना. ताडोबाच्या पाणवठ्यावरून चितळांचा कळप सावलीकडं निघालाय. नऊसुद्धा वाजले नाहीत, तरी ऊन चटके देतंय. सगळ्यात मागची मादी पाहा. पाठीचा कणा वर आलाय, कमरेची हाडं दिसताहेत. आमच्या गाईडनं तिच्याकडं एकदाच पाहिलं. म्हणाला, "म्हातारी झाली जी ते. दात घासले असन."

वय ओळखायला लोक शिंगं मोजतात. पण शिंगं फक्त नराला, आणि तीही गळून पुन्हा नवी येतात. वय कळतं दाढांवरून. हरणाला वरचे पुढचे दात नसतातच. खालचे दात वरच्या टणक हिरडीवर दाबून ते गवत तोडतं. दळायचं काम दाढांचं. चरताना एकदा, रवंथ करताना पुन्हा. गवतातली वाळूसारखी टणक सिलिका, पानांवरची धूळ, सगळं मिळून दाढांचे कंगोरे झिजवतात. जातं गुळगुळीत झालं तर टाकी लावता येते. दाढेला कोण लावणार? पोट भरतं, अंगी लागत नाही.

वाघ नसता तर ही म्हातारी जगली असती का? स्कॉटलंडच्या रम बेटावर मोठ्या हरणाला मारणारं एकही जनावर नाही. तिथं १९७२ पासून एकेक लाल हरीण ओळखून त्याचं जन्ममरण नोंदवलं जातंय. तरीही उतारवयात मरण वाढतंच. नर माद्यांच्या आधी जातात. फ्रान्समधल्या रो नावाच्या छोट्या हरणांच्या दोन ते सात वर्षांच्या माद्यांपैकी वर्षभरात शंभरात नव्वदहून जास्त जगतात. आठव्या वर्षापासून हा आकडा घसरू लागतो.

रमवरची बहुतेक मरणं हिवाळा सरता सरता होतात, चारा संपल्यावर. आपल्याकडं तो काळ म्हणजे हाच मे. मोहफुलं संपली, गवत वाळलं. त्यात नरांचा माज. ते झुंजतात, चरायचं राहून जातं.

वाघ दबा धरतो. जे जवळ येईल ते त्याचं, तरणं काय नि म्हातारं काय. रानकुत्र्यांचं तसं नाही. ते कळप पळवतात, आणि पळताना ज्याला दम लागतो ते मागं पडतं. निवड करावी लागत नाही, होते.

कळप जांभळीखाली बसलाय. म्हातारीही बसली, थोडी अलीकडं, अर्ध्या उन्हात. तिचा जबडा हलतोय, एकाच बाजूनं.