चिमटा कुणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार.

लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमध्ये संध्याकाळी नुसती चक्कर मारली तरी भूक लागते. १९६५ साली अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला, कोरियन कुटुंबं मोठ्या संख्येने येऊ लागली आणि ऑलिंपिक बुलेव्हार्डच्या आसपास त्यांचा जम बसला. आज तिथे 'एकदाच पैसे भरा आणि हवं तेवढं खा' अशी बार्बेक्यूची हॉटेलं जागोजागी दिसतात.

टेबलाच्या मधोमध शेगडी, वर धूर ओढणारं नळकांडं. तुम्ही बसेपर्यंत छोट्या वाट्या हजर: किमची (आंबवलेला तिखट कोबी), मोड आलेलं सोयाबीन, मुळ्याचं लोणचं. हे बानचान. संपलं की पुन्हा मागा, वेगळे पैसे नाहीत. मांस मात्र कच्चंच येतं, भाजायचं आपण. वेळ साधारण दीड-दोन तास, आणि मागवलेलं टाकलंत तर बिलात दंड. आपल्या पंगतीत वाढपी आग्रह करकरून वाढतो. इथे आग्रह आपली हावच करते, आणि दंडही आपणच भरतो.

म्हणून चिमटा जाणत्याच्या हातात द्यावा. पहिल्यांदा आलेला माणूस नाव ऐकून आधी गाल्बी, म्हणजे मसाल्यात मुरवलेलं बरगडीचं मांस, मागवतो. पण तिच्या मसाल्यात सोयासॉसबरोबर साखर असते. ती करपते, तवा काळा पडतो आणि पुढचं सगळं कडवट लागतं. सुरुवात करावी चादोलबागीने. गाईच्या छातीच्या मांसाचे हे कागदासारखे पातळ काप तव्यावर पडताच चुरचुरून आक्रसतात, लाल रंग बघता बघता जातो, की उचलायचे. त्यांच्या चरबीने तवाही माखला जातो. मग साम्ग्योपसाल, म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या जाड पट्ट्या. इथे घाई नको. दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की कात्रीने तुकडे करायचे (हो, कात्रीने, तव्यावरच) आणि सुटलेल्या चरबीत किमची परतायची. माझं विचाराल तर त्या किमचीसाठी मी बाकी सगळं सोडीन. मसाल्यातलं मांस शेवटी, तवा बदलून घेऊन. तवा बदलून मागायला लाजू नका.

भात, चीज घातलेला मका, वाफवलेलं अंडं यांना जरा जपून. पोट स्वस्तात भरतं, हॉटेलवाल्याचा हिशेब जमतो. त्यात लबाडी काही नाही, धंदाच आहे तो.

खायची रीत अशी: तळहातावर लेट्यूसचं पान, त्यात मांसाचा तुकडा, लसणाची चकती, बोटभर सामजांग, म्हणजे सोयाबीनची घट्ट तिखट चटणी. पुरचुंडी करून अख्खी तोंडात. अर्धी तोडलीत की सगळं सदऱ्यावर. भाजणाऱ्याला मात्र खायला उसंत नसते. म्हणून शेजारचा एक पुरचुंडी बांधतो आणि थेट त्याच्या तोंडात देतो. कोरियन मंडळींत हा लाडाचा घास. मित्र देतात, आई देते, नवरा-बायको तर देतातच.

वेळ संपत आली की वेटर शेवटची ऑर्डर विचारतो. 'अजून एक प्लेट होऊन जाऊ दे' म्हणणारा एक जण प्रत्येक टोळक्यात असतोच. त्याच्यापुढचा मेनू उचला आणि बर्फाळ रश्श्यातल्या शेवया, नेंगम्योन, मागवा. काही ठिकाणी त्याचे पैसे वेगळे पडतात. पडू देत.